चार ओळी, एक फुस्स

हवाकाकूंचं लग्न पंक्चरच्या दुकानाशी झालं, असं त्या स्वतःच सांगतात. नवरा त्या दुकानाबरोबर आला. नवरा शांत, दुकान त्याहून शांत. दिवसाकाठी चार सायकली, एखादी मोटारसायकल, आणि उरलेल्या वेळात दोघांनी समोरासमोर बसून चहा प्यायचा. असंच आयुष्य गेलं असतं आणि त्याबद्दल कुणी तक्रारही केली नसती. पण दुकानामागची दगडाची खाण बंद पडली, तिच्यात झऱ्यांचं पाणी भरलं, आणि ते पाणी इतकं खोल, इतकं थंड आणि इतकं नितळ निघालं की लांबलांबून पाणबुडे तिथे यायला लागले.

त्यातला एक जण एकदा पाठीवरची टाकी घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "हवा भरून मिळेल का?"

"मिळेल की. किती भरू?" काकूंनी पंप हातात घेतला.

त्याने आकडा सांगितला. काकूंनी पंप खाली ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोघंही पोट धरून हसले. ट्रकच्या चाकात भरतात त्याच्या वीसपट हवा मागत होता तो! काकूंना वाटलं, थंड पाण्याने याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो गिऱ्हाईक बिचारा ओशाळून निघून गेला. काकूंचं हसू मात्र संध्याकाळपर्यंत विरून गेलं आणि त्या जागी एक विचार येऊन बसला: हवा तर आपण भरतोच. मग जास्त दाबाने भरायला कुणी मना केलंय?

पुढच्या वर्षी दुकानामागच्या खोलीत जुना पण दणकट कॉम्प्रेसर येऊन बसला. नवरा पंक्चरवरच राहिला. "मला वाकून काम करायची सवय आहे," तो म्हणाला, "तुझं ते प्रकरण छाताडावर यायचं." तेव्हापासून कॉम्प्रेसर काकूंचा, आणि काकू हवाकाकू.

आता हे काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. नळी लावली, बटण दाबलं, काटा चढला, झालं, असं वाटणाऱ्यांना काकू खोलीत उभंही करत नाहीत. साधी हवा म्हणजे ओलं फडकंच. ती दाबून दाबून टाकीत कोंबायला लागलं की तिच्यातलं पाणी पिळून बाहेर येतं. ते पाणी कॉम्प्रेसरच्या पोटात खाली साचतं. ते वेळच्या वेळी काढून टाकलं नाही, तर ते हवेबरोबर वर चढतं, फिल्टर भिजवतं आणि मग टाकीत जातं. वरच्या उबदार पाण्यात ते एक वेळ खपेल. पण खाणीच्या तळाशी, जिथे उन्हाळ्यातही बोटं बधिर होतात, तिथे ती ओल तोंडाला हवा पुरवणाऱ्या यंत्रात गोठते. यंत्र उघडंच राहतं आणि सगळी हवा भसाभसा बाहेर पडून जाते. म्हणून काकू दर थोड्या वेळाने खालचे दोन कॉक, म्हणजे बारके नळ, उघडतात. फुस्स! पांढरट पाणी जर्मनच्या भांड्यात उडतं. कॉक बंद. परत काम सुरू.

दर थोड्या वेळाने म्हणजे किती, हे काकू घड्याळावर पाहत नाहीत. घड्याळाकडे बघत बसलं की माणूस घड्याळच बघतो, कामाकडे बघत नाही, असं त्यांचं मत. काकू विणतात. कानांवर आवाज रोखणारे मोठे गोळे, हातात सुया, मांडीवर लोकर. चार ओळी विणून झाल्या की एक फुस्स. त्यांच्या हाताचा वेग इतका ठरलेला, की गावातल्या निम्म्या लोकांचे मफलर हवेच्या हिशेबानेच विणले गेलेत. कुणी म्हणे, "काकू, आपोआप पाणी काढणारं यंत्र बसवा की." काकू म्हणत, "बसवते. मग मीही आपोआप झोपते."

त्यांची सून या घरात आली तेव्हा तिला पाण्याची भीती वाटायची. नवरा, म्हणजे काकूंचे चिरंजीव, ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. घरात बसून करायचं काय, म्हणून ती भरलेल्या टाक्या काठापर्यंत पोचवायला लागली. काठावर बसायला लागली. पाय पाण्यात सोडायला लागली. मग एका पाणबुड्याचा चष्मा पडला, आणि कुणाला काही कळायच्या आत ही बया तो काढायला पाण्यात उतरली! चष्मा मिळाला नाही. वेड मात्र लागलं. दोन वर्षांत ती अशी तयार झाली की कुणाची अंगठी पडो, कुणाचा फोन पडो, बोलावणं हिलाच.

गावाला तर आयतंच खाद्य मिळालं. सासू सुनेला पाण्यात पाहते हे सगळ्या घरांतलं, पण इथली सासू काठावर उभी राहून दिवसाढवळ्या पाहते, असं लोक म्हणायचे. काकू उलट विचारायच्या, "आणि तुझी सासू तुला निदान हवा तरी देते का?"

त्या दिवशी सकाळपासून काकूंच्या पायाला भिंगरी लागली होती. शहराच्या अग्निशमन दलाच्या बचाव पथकात पाणबुड्याची एक जागा निघाली होती. एकच. आणि परीक्षा याच खाणीत, कारण इतकं थंड आणि खोल पाणी जवळपास कुठे नाही. उमेदवार चार. तीन दांडगे पुरुष आणि चौथी काकूंची सून. वयाची अट अशी की सुनेला ही शेवटचीच संधी. पुढच्या वर्षी अर्ज करायला गेली तर दारातूनच परत पाठवतील. रात्रभर दोघींनाही झोप नव्हती. एक कुशीवर वळली की दुसरी विचारायची, "झोप नाही ना येत?"

सकाळी भरायच्या टाक्या दोन होत्या. एक सुनेची, आणि दुसरी उमेदवारांबरोबर खाली उतरणाऱ्या पथकाच्या सोबत्याची. काकूंनी खिडकी उघडून ठेवली होती. खाणीच्या काठावर गर्दी जमलेली दिसत होती, पथकाची लाल गाडी दिसत होती. काकू मध्येच उठून पाहायच्या, मध्येच हसायच्या. हातात सुनेसाठीच लोकरीची टोपी. बाहेर आल्यावर ओल्या केसांवर घालायला. आज ती पुरी व्हायलाच हवी होती.

आणि नेमकं तेव्हाच त्यांना दिसलं, की खाली, बऱ्याच ओळींपूर्वी, एक टाका सुटलाय.

दुसरा दिवस असता तर काकूंनी तो तसाच राहू दिला असता. पण आजच्या दिवशी, या टोपीत, भोक? छे! त्यांनी सरसर उसवायला घेतलं. उसवलं, टाके पुन्हा सुईवर घेतले, आणि मान खाली घालून पहिल्यापासून विणायला बसल्या. कॉम्प्रेसर धडधडत होता. पहिली टाकी भरली. काकूंनी नळी काढून दुसरीला लावली आणि पुन्हा सुया घेतल्या. ओळीमागून ओळ होत होती. पण त्या ओळी तर काकूंनी आधीच मोजलेल्या होत्या! त्या ओळींच्या नावाचं पाणी सोडून झालं होतं. मनातला हिशेब जिथे थांबला होता तिथेच थांबून राहिला, आणि काकूंचा हात एकदाही कॉककडे गेला नाही.

दुसरी टाकी भरली. सून आली आणि स्वतःची टाकी पाठीवर घेऊन पळाली. काकूंच्या यजमानांनी दुसरी टाकी खांद्यावर घेतली आणि ते तिच्या मागून, म्हणजे बरंच मागून, निघाले. काकूंनी यंत्र बंद केलं आणि शेवटचं पाणी काढायला कॉक उघडला.

फुस्स झालं नाही. आधी काहीतरी खाकरलं, आणि मग पाणी धो धो आलं. भांडं भरलं. भांडं वाहिलं. काकूंच्या चपला भिजल्या, तरी पाणी येतच होतं.

काकूंनी फिल्टरवरच्या छोट्या काचेत पाहिलं. आतले दाणे कोरडे असले की निळे असतात. ते गुलाबी झाले होते, अगदी वरपर्यंत.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही टाक्यांत ओली हवा गेली होती.

हवाकाकू पळाल्या. गुडघे दुखणारी बाई, एक सुई अंबाड्यात खोचलेली, लोकरीचा गुंडा कमरेला अडकून मागून फरफटत येतोय, आणि काकू खाणीच्या दगडी पायऱ्या उतरतायत. वाटेत यजमान टाकी घेऊन उभे होते, दम खायला. "ती टाकी देऊ नका कुणाला!" काकू त्यांच्या अंगावरून पुढे गेल्या. "का?" त्यांनी विचारलं, पण काकू तोवर खाली पोचल्या होत्या.

चिठ्ठीत सुनेचा नंबर पहिला निघाला होता. ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तोंडाला यंत्र लावत होती.

"थांब! ए, थांब! उतरू नकोस!"

सगळा काठ वळून पाहायला लागला. परीक्षक म्हणजे पथकाचे प्रमुख, उंच, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आल्या सासूबाई. ऐन वेळी मोडता घालायला!" आणि लोक हसले.

"आई, काय झालं?" सून म्हणाली.

काकूंना बोलायला दम पुरत नव्हता. आणि खरं सांगायचं तर बोलायचं होतं ते सोपंही नव्हतं. समोर अख्खं गाव, पथक, आणि ज्यांनी इतकी वर्षं डोळे मिटून टाक्या भरून घेतल्या ते पाणबुडे. 'काकूंची हवा' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

"हवा ओली आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माझी चूक आहे. मी पाणी काढायला विसरले. दोन्ही टाक्या ओल्या आहेत."

 परीक्षकांनी सुनेची टाकी बाहेर घेतली, टाकीच्या तोंडावर हात धरला आणि चावी जरा फिरवली. पांढरं धुकं फसकन बाहेर आलं. त्यांचा तळवा ओला झाला. तो त्यांनी पँटला पुसला आणि म्हणाले, "हे घेऊन खाली गेली असती तर तळाशी यंत्र गोठलं असतं."

"माहीत आहे हो," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तर धावत आले."

"आमच्या सोबत्याची जादा टाकी गाडीत आहे. पण उमेदवाराने स्वतःची आणायची, हा नियम आहे." त्यांनी हातातल्या यादीवर नजर टाकली. "हिचा नंबर शेवटी टाकतो. तिसरा उमेदवार वर येईपर्यंत टाकी तयार असली तर ठीक. नाहीतर मी काही करू शकणार नाही."

सुनेने सासूकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काय काय आलं असेल ते देव जाणे. पण ती पाण्यातून बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "चला!"

मग जे झालं ते त्या खोलीने कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी फिल्टरचं झाकण फिरवलं, दाण्यांची भिजलेली कार्ट्रिज उपसून काढली, आतली नळी पुसली, नवी कोरडी कार्ट्रिज बसवली. घरात एक लाल टाकी रिकामी पण तपासलेली होती, ती सुनेने ओढून आणली. यंत्र सुरू झालं. सून नळी लावायला धावली.

"अजून नाही! आधी नळ्यांतली ओल जाऊ दे. जरा नुसतीच वाहू दे हवा."

"आई, वेळ!"

"पी हळद आणि हो गोरी असं नसतं इथे."

हवा वाहिली. काकूंनी तळवा धरला. कोरडा. पुन्हा धरला. कोरडाच. तेव्हा कुठे नळी लागली आणि काटा हलला.

यजमान पायरीवर उभे राहून खालच्या बातम्या वर ओरडत होते. "पहिला उतरला!" मग बऱ्याच वेळाने, "पहिला वर आला! दात वाजतायत त्याचे!" काकूंनी विणकाम कोपऱ्यात भिरकावलं होतं. त्या गेजकडे बघत उभ्या होत्या आणि सून जमिनीवर कॉकपाशी बसली होती.

"सोड!"

फुस्स. चमचाभर पाणी.

"बंद. पुन्हा सोड म्हणेन तेव्हा."

खोली तापली. टाकी तापू नये म्हणून काकूंनी ती पाण्याच्या टबात उभी केली होती, त्या पाण्यालाही ऊब आली. "दुसरा वर आला!" यजमान ओरडले. "हा बघा, तिसरा निघाला उतरायला!" काटा आपल्याच तालात चढत होता. त्याला कुणाच्या वयाची काय पर्वा! सुनेच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि तरी ती हसत होती. का हसतेय ते तिलाही सांगता आलं नसतं. काकूही हसायला लागल्या. कुणाचं लग्न लागतंय आणि वरात दारात उभी आहे, अशी काहीतरी त्या दोघींची गत झाली होती.

"सोड!"

फुस्स.

काटा शेवटच्या टप्प्यात आला. खालून ओरडा आला, "तिसऱ्याचे बुडबुडे वर येतायत! येतोय तो!" काकू म्हणाल्या, "सोड."

सुनेने हात कॉकवर ठेवला आणि तो फिरवला नाही. दर वेळी पाणी काढलं की काटा अडायचा, घटकाभर तिथेच रेंगाळायचा. "आई, एवढं एकदा राहू दे. शेवटचंच आहे."

"सोड म्हणते ना!"

"तो वर येतोय आई! गेलं ना मग सगळं!"

"जाऊ दे. सकाळी राहिलं होतं ना ते, आणि त्यानेच ही वेळ आणली. मी तुला कोरडी हवा देईन, नाहीतर घरी बसवीन. तिसरं काही देणार नाही."

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. सुनेने कॉक फिरवला. फुस्स. पुन्हा चमचाभरच पाणी आलं. काटा अडला. मग हलला. मग लागला एकदाचा!

टाकी दोघींनी मिळून उचलली. कोण पुढे आणि कोण मागे होतं ते आता त्यांनाही आठवत नाही. तिसरा उमेदवार पाण्यातून डोकं वर काढत होता. परीक्षकांच्या समोर टाकी ठेवली तेव्हा त्याने अजून तोंडातलं यंत्रही काढलं नव्हतं. परीक्षकांनी चावी फिरवली, तळवा धरला, गेज पाहिलं.

"उतर," ते म्हणाले.

सून पाण्यात गेली. तिच्या पाठोपाठ पथकाचा सोबती गेला. थोडा वेळ ती हिरवट सावलीसारखी दिसली, मग तीही दिसेना. उरले फक्त बुडबुडे. काकू काठावर गुडघे टेकून बसल्या. बुडबुड्यांचा एक झुबका आला. थोडी उसंत. दुसरा झुबका. काकूंचा स्वतःचा श्वास कधी त्याच लयीत पडला ते त्यांना कळलं नाही. आता ती अर्ध्यात पोचली असेल. आता थंडी लागली असेल. आता तळ. काम असं होतं की तळाशी टाकलेला जड पुतळा शोधायचा, त्याला दोर आणि पिशवी बांधायची, पिशवीत हवा भरून तो वर पाठवायचा.

बुडबुडे येत होते. एकसारखे.

आणि एकदम पाणी उकळल्यासारखं झालं. एवढाले बुडबुडे, थांबायचं नाव नाही!

"गोठलं!" काकू ओरडल्या. "साहेब, यंत्र गोठलं तिचं! काढा तिला वर!" त्या पाण्यात उतरायलाच निघाल्या. यजमानांनी मागून त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," परीक्षक पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "पिशवी भरतेय ती."

काकूंना ते ऐकू गेलं, समजलं नाही. मग काठापासून थोड्या अंतरावर पाणी फुगलं, फाटलं, आणि पिवळी पिशवी धाडकन बाहेर आली. तिच्याखाली पुतळा लोंबकळत होता, दोरात नीट बांधलेला. काठावर एकच आरडाओरडा झाला. सकाळी मोडता घालायला आल्या म्हणणाराच सगळ्यांत मोठ्याने शिट्ट्या मारत होता. थोड्या वेळाने, अगदी सावकाश, नियमाप्रमाणे थांबत थांबत, सुनेचं डोकं वर आलं.

परीक्षकांनी हातातली कागद लावलेली पाटी बगलेत धरली. ते तिघा पुरुषांकडे वळले, त्यांच्याशी हात मिळवला, त्यांना चांगलं केलंत म्हणाले. मग सुनेला म्हणाले, "सोमवारी हजर व्हा."

ती समजली नाही. सोबत्याने तिच्या पाठीवर थाप मारली तेव्हा समजली. मग अशी किंचाळली, की ती किंकाळी खाणीच्या चारही भिंतींना आदळून परत आली. यजमान, जे कधी जोरात बोलले नव्हते, ते आज दिवसभर ओरडून घसा बसलेला असतानाही ओरडले. लोकांनी सुनेला पाण्यातून जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं.

हवाकाकू गर्दीत घुसल्या नाहीत. त्या तिथेच, गुडघ्यांवर, होत्या. सून स्वतःच गर्दीतून वाट काढत आली आणि निथळत त्यांच्यासमोर बसली. तिचे ओठ निळे पडले होते. काकूंनी तिचे गार हात हातात घेतले. अभिनंदन, शाबास, असलं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांनी विचारलं, "हवा कशी होती?"

सून विचार करायला लागली. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती. मग कानकोंडी होऊन म्हणाली, "खरं सांगू आई? खाली गेल्यावर हवेची आठवणच नाही झाली मला."

सकाळपासून न खचलेल्या हवाकाकू ते ऐकून सगळ्या गावासमोर ढसाढसा रडल्या. सून घाबरली, "अहो आई, काही चुकीचं बोलले का मी?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. काकूंना नाही म्हणायचं होतं, पण रडण्यातून बोलता येत नव्हतं, म्हणून त्या नुसतीच मान हलवत राहिल्या.